पुट्टीखालचं नाव

चंद्रपूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातले निम्मे तास गणिताच्या शिक्षकांनी मागून घेतले. निवृत्त झाल्यावर वेळ फार झाला आणि फोनवर परदेशी पोरांचे भिंती रंगवतानाचे व्हिडिओ पाहण्याचा नाद लागला. वर्षभर घराच्या मागच्या कुंपणभिंतीवर हात चालवला. बायकोनं कपडे वाळत घालायची दोरी दुसरीकडे हलवली, म्हणजे तिनं ते मनावर घेतलं होतं. मग मी आठ पानांची एक पुस्तिका लिहिली. नवशिक्यांनी ग्राफिटीसाठी कोणते मार्कर घ्यावेत, कोणता कागद, कोणता रंग, एवढंच तिच्यात होतं. प्रस्तावनेत मात्र मी जरा वाहवत गेलो होतो. आपल्याकडच्या भिंतींवर जाहिराती, घोषणा आणि लग्नघरांचे भडक मोर यांपलीकडे काही नाही, असं एक वाक्य मी तिथे टाकलं होतं. ते मला तेव्हा फार आवडलं होतं.

पुस्तिका कुठल्याशा कार्यालयात पोचली आणि गडचिरोलीला दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचं निमंत्रण आलं. ग्राफिटी म्हणजे मुळात कुणाला न विचारता भिंतीवर आपलं नाव लिहिणं. आमच्या परवानगीच्या पत्रावर सात सह्या होत्या. ‘हाताने रंगवण्याची भव्य कार्यशाळा’ असा फलक सभागृहात लागला होता आणि तो फ्लेक्सवर छापलेला होता. त्या फलकाखाली, शेवटच्या खुर्चीवर, एक म्हातारा पेंटर बसला होता. शिडी, बादल्या आणि ब्रश पुरवायला त्याला बोलावलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत तो नव्हता.

हा गृहस्थ तिथल्या एका मुसलमान घरातला. बाप पेंटर, हाही पेंटर. धानोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी आणि लग्नघरांच्या भिंती यानं रंगवलेल्या. फ्लेक्स आल्यापासून पाट्या संपल्या. भिंती थोड्याफार उरल्या.

या भिंतींबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवून घेतात. वर कलश, बाजूला मोर, खाली तारीख. मांडव उतरतो, पाहुणे जातात, भिंत तशीच राहते. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती अक्षरं कुणी पुसत नाही. मी जन्मानं इथलाच. हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पहिला दिवस कागदाचा होता. कॉलेजची वीसेक मुलं-मुली. मी सांगितलं की सुरुवातीला भारी वही आणू नका, खाकी कागदाची गुंडाळी आणा. मोठं अक्षर काढायला खांद्यापासून हात फिरवावा लागतो आणि वहीत खांदा मावत नाही. स्पिरिटचा मार्कर साध्या झेरॉक्सच्या कागदातून आरपार जातो आणि टेबलावर छापा सोडतो, म्हणून खाली जाड पुठ्ठा घ्या. पाण्याचा मार्कर एकाच जागी तीनदा फिरवला तर कागदाचे तंतू निघतात. चपट्या टोकाचा मार्कर धरला की त्याचा कोन शेवटपर्यंत बदलू नका, जाड-बारीक रेघ आपोआप येते. आधी पेन्सिल, मग आतला रंग, कडेची रेघ सगळ्यात शेवटी. मी हे चांगलं शिकवलं. ते खोटं नाही.

पेंटरनं एक मार्कर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“सर, हा भिंतीवर किती दिवस टिकते?”

“बाहेरच्या भिंतीवर दोन-तीन वर्षं.”

“असं? आजकाल लग्नंबी तेवढेच टिकून राह्यले म्हणा.”

पोरं हसली. मीही हसलो, पण नंतर वर्ग पुन्हा ताब्यात घ्यायला मी थोडं मोठ्यानं बोललो, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी भिंत. धानोरा रस्त्यावरचं एक गाव निवडलं होतं. तळ्याकाठी ढीवरांची, म्हणजे मासेमारांची घरं, रस्त्याला लागून. चार वाजता निमंत्रण देणाऱ्या कार्यालयाचे साहेब येणार आणि रंगलेली भिंत पाहणार. काय रंगवायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्या दोन जिल्ह्यांत रिकामी भिंत दिसली की सरकारला वाघ आठवतो. मी वाघाच्या पोटात अक्षरं गुंफायची अशी तडजोड काढली होती आणि तिचा मला अभिमान होता.

ग्रामपंचायतीनं गल्ली दाखवली. भिंत मी निवडली. रस्त्याकडे तोंड, समोर मोकळी जागा, फोटोला सोयीची. घर एका विधवा बाईचं होतं, पंचावन्न-साठीची. नुकतीच तळ्यातून आलेली, लुगड्याचा काठ ओला. “भिंत रंगवू का?” असं आमच्यातल्या कुणीतरी विचारलं. सोबत पंचायतीचा शिपाई उभा होता. ती म्हणाली, “करा ना जी.”

मी मुलांना भिंतीची परीक्षा कशी घ्यायची ते दाखवलं. तळवा भिंतीवर घासायचा. हाताला पांढरं लागलं म्हणजे चुना सुटतोय. अशी भिंत रंग पिऊन टाकते किंवा पापुद्र्यासकट फेकून देते. आधी खरवडायचं, मग पुट्टी, मग प्रायमर. माझ्या हाताला पांढरं लागलं. भिंतीच्या मधोमध मात्र दोन हात रुंदीचा एक चौकोन होता, बाकीच्या भिंतीपेक्षा नखभर खोल. त्यात फिकट विटकरी झालेली अक्षरं होती, एका मोराची मान होती. दर दिवाळीला ती बाई भिंतीला चुना देत होती आणि त्या अक्षरांच्या कडेकडेनं कुंचा फिरवून तेवढी जागा सोडत होती. वर्षानुवर्षं चारी बाजूंनी चुन्याचे थर चढत गेले आणि अक्षरं खाली राहिली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी मुलांना म्हणालो, “हा बघा, हा खळगा. असा खळगा भरल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही.”

बाई दाराशी उभी होती. ती दोन पावलं पुढे आली.

“सर, हे अक्षरं राहतीन ना जी असेच?”

मी वळून पाहिलं. माझ्या हातात पुट्टी ओढायचा पत्रा होता, मागे वीस मुलं होती आणि एक जण व्हिडिओ घेत होता.

“काळजी करू नका बाई. याच्यापेक्षा छान करून देतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “बरं,” म्हणाली. पुट्टी कालवायला पाणी हवं होतं. ते तिनंच आणून दिलं, भरलेली कळशी, वरून पदरानं पुसलेली.

कडेचा सुटा चुना मुलांनी खरवडल्यावर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात मी स्वतः दिले. खोलगट जागा म्हणून जोर लावून, दाबून, कडा बेमालूम करत. काम सफाईदार झालं. शेजारी उभ्या दोन मुली टिपणं घेत होत्या.

पेंटर दुपारी पोचला. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून स्प्रेचे डबे आणायला तो मागे थांबला होता, कारण आमच्याकडे स्प्रे मिळतो तो मोटारसायकलच्या टाकीसाठी. त्यानं शिडी खाली ठेवली आणि भिंतीसमोर उभा राहिला.

“इथलं नाव कुठी गेलं?”

“कोणतं नाव?” मी विचारलं.

“माह्या हातचं होतं, सर. या बाईच्या पोरीचं.” तो हळू बोलत होता. “हळदीच्या दिवशी लिहिलं होतं मी. पोरगी लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सिकलसेलच्या बिमारीनं गेली. लग्नाचे फोटो सारे सासरी राह्यले. हे एवढंच होतं या घरी.”

माझ्या हाताला पुट्टी लागलेली होती. मी ती रुमालानं पुसायला लागलो.

“बाईनं काही म्हटलं नाई तुम्हाले?”

“नाही,” मी म्हणालो.

इतका सहज आला तो शब्द. शिकवताना एखाद्या पोरानं विचारावं, सर, हा रंग विषारी आहे का, आणि आपण नाही म्हणावं, तसा. टिपणं घेणाऱ्या मुली तिथेच होत्या. त्यांनी वह्यांत पाहिलं.

पेंटरला ते पटलं नसावं. त्यानं दाराकडे वळून हाक मारली.

“काऊन बाई? तुम्ही सांगितलं नाई काय यायले?”

बाई चहाचे ग्लास घेऊन बाहेर येत होती. ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढा वेळ मला पुरेसा होता. एक वाक्य बोलायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

“नाई जी भाऊ,” ती म्हणाली. “ध्यानातच नाई आलं माह्या. माह्यीच चूक हाय.”

मग तिनं चहा वाटला. मी घेतला.

पेंटरनं माझ्या हातातला पत्रा न मागता काढून घेतला आणि बाजूला ठेवला. पाण्यात बुडवलेलं गोणपाट भिंतीला लावून त्यानं पुट्टी भिजवली आणि लाकडी पट्टीनं कडेपासून काढायला सुरुवात केली. दोन तास लागले. जिथे मी शेवटी हात दिला होता, तिथे पुट्टी अजून ओली होती. तिथून तारीख निघाली, मोराची मान निघाली आणि जावयाचं नाव जवळजवळ अख्खं निघालं. मुलीचं नाव होतं तिथून मी काम सुरू केलं होतं. सगळ्यात जास्त जोर तिथेच लावला होता. तिथे एका अक्षराचा काना आणि वरची रेघ आली. पुढच्या तुकड्याबरोबर रंगाचा पापुद्राही सुटून आला, तेव्हा पेंटरनं हात थांबवला.

“आता घासलं तं आहे तेबी जाईन.”

बाई जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं.

“कोणाचं निघालं जी?”

“जावयाचं,” पेंटर म्हणाला.

“त्यानं तं दुसरं लग्न केलं,” ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. रस्त्यात भेटलेल्या माणसाची बातमी द्यावी तसं तिनं सांगितलं.

पेंटर म्हणाला, “मी लिहून देतो परत. तसंच्या तसं. हात विसरला नाई माह्या.”

“राहू द्या भाऊ. तवा ती इथी खुर्ची टाकून बसली होती. तुम्हाले रंगाचा डब्बा धरून देत होती. आता लिहाल तं ते तुम्ही लिहिलेलं होईन.”

साहेब चार वाजता आले. तोपर्यंत मुलांनी शाळेच्या भिंतीवर घाईघाईनं एक वाघ उरकला होता. त्याला मांजराचे डोळे आले होते. साहेबांनी त्याच्याबरोबर फोटो काढला. माझ्या हातात माइक दिला गेला आणि मी स्प्रेचे नियम सांगितले. डबा दोन मिनिटं हलवा, आतल्या गोळीचा आवाज मोकळा झाला की रंग तयार. भिंतीपासून वीतभर लांब धरा, फार जवळ नेला तर ओघळ येतो. हात थांबवू नका, रेघ सुरू व्हायच्या आधी हात सुरू करा. काम झालं की डबा उलटा धरून फवारा म्हणजे नळी तुंबत नाही. आणि पृष्ठभाग नीट तयार करा. हे शेवटचं म्हणताना मी खाली पाहत होतो. टाळ्या पडल्या. पेंटर शिडी बांधत होता.

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. सांगताना म्हणालो, “कुणी एका शब्दानं बोललं नाही गं.” नंतर हेच मी दोन मित्रांना सांगितलं, मग शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला. दर वेळी गोष्ट थोडी गोळीबंद होत गेली. सहकाऱ्याला सांगताना मी मान हलवून, उसासा टाकून म्हणालो, “ही माणसं बोलतच नाहीत, हाच तर खरा प्रश्न आहे.” तो म्हणाला, “खरंय, फार मोलाचं बोललास.” आयुष्यभर मी व्यासपीठावरच्या माणसांच्या अशा वाक्यांना हसत आलो. त्या संध्याकाळी तसं वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं.

महिन्याभरानं मी एकटाच एस.टी.नं त्या गावी गेलो. बाई तळ्याच्या पाळीवर जाळं पसरून फाटलेल्या जागा विणत बसली होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि बसायला जाळ्याची कोरडी बाजू दाखवली.

मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं.”

“हो जी,” ती म्हणाली. “मीच तं होती तिथी.”

एवढं बोलून ती पुन्हा विणायला लागली. मी बराच वेळ तयारी करून गेलो होतो. माझ्याजवळचं सगळं त्या एका वाक्यात संपलं.

“मग तुम्ही तसं का म्हणालात?”

“तुम्ही नाई म्हटलं होतं ना, सर. एवढ्या पोरायसमोर मी तुम्हाले खोटं पाडू का?” तिनं दोरा दातानं तोडला. “त्याचं नाई मले काही. भिंत हाय, कधी ना कधी जातेच. पण पेंटरभाऊले वाटते का माह्या पोरीचं नाव माह्याच ध्यानात नाई आलं. अगोदर इथून जाये तं थांबे, पाणी पिये. मी मासोळी देत जाओ. आता हात दाखवते अन् जाते.”

मी माफी मागायला गेलो होतो, म्हणजे खरं तर माझंच ओझं उतरवायला. तिचं काय काय गेलं याचा हिशेब मी भिंतीपाशीच संपवला होता.

“त्याले सांगसान काय जी तुम्ही?” तिनं विचारलं. “मी सांगितलं तं तो म्हणन, आता बाई सारवासारव करून राह्यली.”

पेंटरचं दुकान गडचिरोलीत एका फ्लेक्सवाल्याच्या जिन्याखाली आहे. मी गेलो तेव्हा तो एका ट्रॅक्टरच्या मागच्या पट्टीवर नंबर रंगवत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बाईनं मला विचारलं होतं, मी उडवून लावलं होतं, आणि नंतर तुमच्यासमोर खोटं बोललो. तिनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं.

त्यानं मान वर केली नाही. आठचा आकडा अर्ध्यात होता आणि तो त्यानं पूर्ण केला. मग ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, फडक्यात पिळला, पुन्हा बुडवला.

“मी तिच्या घरावरून सहा-सातदा गेलो,” तो म्हणाला. “थांबलो नाई. गुस्सा आला होता मले, का माय असून कसं विसरली.”

“चूक माझी आहे.”

“ते आहेच.” त्यानं फडकं खिळ्याला लटकवलं. “मले सांगितलं तुम्ही, चांगलं केलं. पण त्या दिवशी ते वीस पोरं होते ना सर. ते तं घरी जाऊन हेच सांगत असतीन, का बाईच विसरली. त्यायले कोण सांगन?”

मी त्याच्याबरोबर गावी येतो म्हणालो. तो म्हणाला, “तुम्ही नका येऊ.” गाडी काढली आणि धानोऱ्याच्या बाजूला वळला.

कार्यशाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून चालू होता. त्यावर कुणी कुणी आपापल्या रेघोट्या टाकत, कुठला मार्कर उन्हात फिका पडतो ते विचारत, आणि मी अंगठे दाखवत असे. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून मी तिथे लिहिलं. तीनदा लिहून तीनदा पुसलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा त्यात संवेदनशीलता, परंपरा असले शब्द आले होते. शेवटी एवढंच राहिलं: “त्या घरच्या बाईंनी मला अक्षरं राहतील का असं विचारलं होतं. मी ऐकलं होतं. त्यांनी सांगितलं नाही असं मी म्हणालो, ते खोटं होतं. त्या विसरल्या नव्हत्या.”

मग, माझ्या शेजारी उभं राहून टिपणं घेणाऱ्या मुलींपैकी एकीचा संदेश आला.

“सर, आम्ही दोघींनी पण ऐकलं होतं.”